नसेला करंट दिल्याने पायातली गुठळी विरघळते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वडील ६८ वर्षांचे असून खुब्याच्या ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी त्यांचा डावा पाय पोटरीपासून मांडीपर्यंत सुजला. कलर डॉपलर सोनोग्राफीत गुडघ्यामागच्या आणि मांडीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली आणि डॉक्टरांनी अपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या गोळ्या सुरू केल्या. त्यानंतर नात्यातल्या एकांनी आपल्याला एक व्हिडिओ पाठवला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो, त्यापेक्षा कोणतीही सुई न टोचता बाहेरून नसेला सौम्य करंट देणारे यंत्र लावावे, गुठळी आपोआप विरघळते, असे त्यात सांगितले आहे. कानाला क्लिप लावून 'व्हेगस' नावाची नस चेतवण्याचा आणखी एक उपाय त्यात आहे. शिवाय दिवाळीनंतर आपल्या आईचे गुडघे बदलायचे ठरले आहे, म्हणून हे यंत्र आताच घेऊन ठेवावे का, असेही आपण विचारले आहे.

वडिलांच्या बाबतीत माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. आईच्या बाबतीत मात्र तो प्रश्न योग्य आहे आणि तिच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना तो जरूर विचारावा. एकाच यंत्राबद्दल एकाच घरातल्या दोन माणसांना दोन उलट उत्तरे का द्यावी लागतात, हे समजावून सांगण्यासाठी पुढचे सारे लिहितो आहे.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. आपल्या बोलण्यात 'नस' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सलाईन लावताना परिचारिका 'नस सापडत नाही' म्हणते, तेव्हा ती रक्तवाहिनीबद्दल बोलत असते; कंबरदुखीचा रुग्ण 'नस दबली आहे' म्हणतो, तेव्हा तो मज्जातंतूबद्दल बोलत असतो. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांची समजूत अशी असते की ज्या नसेत गुठळी अडकली आहे त्याच नसेत यंत्राचा करंट शिरतो आणि तुंबलेला नळ मोकळा करावा तशी ती गुठळी सुटते. प्रत्यक्षात करंट जातो तो मज्जातंतूला, आणि गुठळी असते ती शिरेत. या दोघांचा संबंध येतो तो मधल्या स्नायूंमार्फत, तोही अप्रत्यक्षपणे. पुढे मी रक्त वाहून नेणारीला 'शीर' आणि संदेश वाहून नेणाऱ्याला 'मज्जातंतू' असेच म्हणेन.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या थोडे खाली बोटाने चाचपले, तर हाडाचा एक टणक उंचवटा हाताला लागतो. नडगीशेजारच्या बारीक हाडाचे ते डोके. त्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून, एक मज्जातंतू पुढे जातो. तेथे तो कातडीच्या इतका जवळ असतो की बराच वेळ उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या माणसाच्या पायाला मुंग्या येतात आणि क्वचित पाऊल काही आठवडे लुळेही पडते, ते याच ठिकाणी दाब आल्यामुळे. एखादा मज्जातंतू जितका उघड्यावर, तितका तो बाहेरून चेतवायला सोपा असतो. म्हणूनच यंत्र बनवणाऱ्यांनी ही जागा निवडली.

या प्रकारचे सर्वांत परिचित साधन म्हणजे ब्रिटनमध्ये विकसित झालेले 'गेको'. ते मनगटी घड्याळाएवढे आणि सुमारे १० ग्रॅम वजनाचे असून त्याला चिकटपट्टी जोडलेली असते. मी ते प्रथम स्वतःच्या पायाला लावून पाहिले होते. बटण दाबल्यावर सेकंदाला एकदा, कोणीतरी बोटाने टिचकी मारावी तशी जाणीव होते. तीव्रता एकेक पायरी वाढवत गेले की आधी अंगठा उडतो आणि मग संपूर्ण पाऊल किंचित वर व बाहेरच्या बाजूला झटका घेते. पाऊल हलताना डोळ्यांना दिसले पाहिजे, हीच त्याची खरी कसोटी. पट्टी एक-दोन सेंटिमीटर सरकली तर कातडीला चुणचुण होते, पण पाऊल हलत नाही, आणि असे न हलणारे पाऊल घेऊन तासन् तास यंत्र चालू ठेवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पायावर सूज फार असेल, तर करंट मज्जातंतूपर्यंत नीट पोहोचतच नाही. ज्या पायाला गुठळीमुळे सूज आली आहे त्याच पायावर ते सर्वांत कमी चालते, ही व्हिडिओत न सांगितलेली पहिली गोष्ट.

पाऊल हलल्याने काय साधते, हेही सांगतो. पायातले रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढते, ते पोटरीचे स्नायू आकसल्यामुळे आणि शिरांतल्या झडपांमुळे. माणूस अंथरुणाला खिळला की हा पंप बंद पडतो आणि रक्त शिरांमध्ये, विशेषतः पोटरीच्या आतल्या स्नायूतल्या पोकळ्यांमध्ये, साचून राहते. रक्ताचे साचणे, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे आणि शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे ही गुठळीची तीन कारणे मानली जातात, आणि ही मांडणी रुडॉल्फ व्हिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८५६ मधल्या लेखनाशी जोडली जाते. यंत्र या तिघांपैकी फक्त पहिल्या कारणावर काम करते. तेथेही एक बारकावा आहे. हा मज्जातंतू मुख्यतः नडगीच्या पुढच्या आणि बाहेरच्या स्नायूंना जातो, तर पोटरीचा मुख्य पंप ज्या मज्जातंतूवर चालतो तो वेगळाच आणि खोलवर असतो. म्हणजे या झटक्याने रक्तप्रवाह निश्चित वाढतो, पण चालण्याची बरोबरी होत नाही.

ही कल्पना नवीन नाही. ऑपरेशनच्या टेबलावर पोटरीच्या स्नायूंना थेट करंट देऊन गुठळी टाळण्याचे प्रयत्न इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात झाले, आणि १९७० मध्ये ब्राउझ व नेगस यांनी किरणोत्सारी फायब्रिनोजेन (गुठळीत जमा होणारे रक्तातले एक प्रथिन) वापरून या पद्धतीने गुठळ्यांचे प्रमाण कमी होते का, याची तपासणी प्रसिद्ध केली. अडचण इतकीच होती की स्नायूला थेट दिलेला करंट जाग्या माणसाला दुखतो, त्यामुळे भूल उतरली की उपचार संपला. स्नायूऐवजी मज्जातंतू चेतवला तर फार कमी करंट पुरतो आणि जागा माणूस तो दिवसभर सहन करू शकतो. नव्या यंत्रांचे खरे श्रेय एवढेच, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

पुराव्याकडे वळू. कोणते उपचार वापरावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने जून २०१४ मध्ये गेकोबद्दल मार्गदर्शन दिले. त्यात शिफारस अशी होती की ज्यांना गुठळीचा धोका मोठा आहे, परंतु औषधे किंवा दुसरी यांत्रिक साधने वापरणे शक्य नाही किंवा योग्य नाही, अशांसाठी हे साधन वापरावे. वाक्य नीट वाचले तर लक्षात येते की ते प्रतिबंधाबद्दल आहे, आणि इतर मार्ग बंद झाल्यावर उघडणाऱ्या दाराबद्दल आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या २०१७ मधल्या आढाव्यात स्नायू-मज्जातंतू चेतवण्याच्या सर्व पद्धतींचा एकत्र विचार झाला. काहीच न करण्यापेक्षा या पद्धतीने गुठळ्या कमी झालेल्या दिसल्या, पण कमी मात्रेच्या हेपॅरिनच्या (रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या) तुलनेत ती उणी पडली, आणि एकूण पुराव्याचा दर्जाही कमीच ठरला. पायाला हवेच्या पिशव्या बांधून आलटून पालटून दाबणाऱ्या यंत्राची स्थिती याहून बरीच भक्कम आहे. 'क्लॉट्स ३' या २०१३ मधल्या चाचणीत पक्षाघाताने हालचाल थांबलेल्या २८७६ रुग्णांमध्ये वरच्या भागातल्या गुठळ्या १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या. त्याच गटाच्या आधीच्या चाचणीत, २००९ साली, मांडीपर्यंतच्या घट्ट मोज्यांचा अशा रुग्णांना काहीही फायदा दिसला नव्हता, उलट कातडी सोलवटण्याचे प्रकार वाढले होते. वरवर पटणारी गोष्ट चाचणीत टिकेलच असे नाही, म्हणून हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेले सारे गुठळी होण्यापूर्वीचे आहे. आपल्या वडिलांना ती झालेली आहे.

ताजी गुठळी म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांच्या जाळ्यात अडकलेल्या तांबड्या पेशी आणि रक्तकणिका (प्लेटलेट्स). शरीरात तिला विरघळवणारी यंत्रणा असते. शिरेच्या अस्तरातून सुटणारा एक घटक रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन करतो आणि प्लाझ्मिन ते धागे तोडते. हे काम आठवडे-महिने चालते, आणि दरम्यान गुठळीचा काही भाग विरघळतो, तर काही भाग शिरेच्या भिंतीला चिकटून व्रणासारखा घट्ट होतो. रक्त पातळ करणारी गोळी गुठळी विरघळवत नाही, हे ऐकून बहुतेक रुग्णांना धक्का बसतो. ती फक्त नवे धागे विणले जाणे थांबवते, म्हणजे गुठळी वाढत नाही, तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो, आणि शरीराला आपले सफाईचे काम करायला सवड मिळते. 'गोळ्या विरघळवत नाहीत' हे अर्धसत्य पकडूनच 'मग आमचे यंत्र विरघळवते' अशी जाहिरात केली जाते. स्नायूंच्या पिळण्याने शिरेच्या अस्तरातून तो विरघळवणारा घटक थोडा अधिक सुटतो, असे हवेच्या पिशव्यांवरील काही अभ्यासांत दिसले आहे. दाव्याचे मूळ बहुधा तेथे असावे. परंतु रक्ताच्या नमुन्यात अशी हालचाल दिसणे वेगळे आणि मांडीच्या शिरेत बोटभर लांबीची गुठळी नाहीशी होणे वेगळे.

शिवाय गुठळी झटपट विरघळवणे हेच उद्दिष्ट असावे का, यावरही पुरावा उपलब्ध आहे. 'अट्रॅक्ट' या २०१७ मधल्या अमेरिकी चाचणीत ६९२ रुग्णांपैकी निम्म्यांच्या शिरेत नळी घालून थेट गुठळीत विरघळवणारे औषध सोडले गेले. दोन वर्षांत पाय कायमचा जड व सुजरा राहण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, ४७ आणि ४८ टक्के, निघाले. मोठे रक्तस्राव मात्र नळीच्या गटात पहिल्या दहा दिवसांत १.७ टक्के, तर केवळ गोळ्या-इंजेक्शनांच्या गटात ०.३ टक्के झाले. निवडक रुग्णांना, म्हणजे पाय काळानिळा पडत असेल किंवा गुठळी ओटीपोटापर्यंत गेली असेल अशांना, आम्ही आजही ही पद्धत वापरतो. पण सर्वसाधारण रुग्णाला थेट गुठळीत सोडलेले औषधही जो फायदा देऊ शकले नाही, तो कातडीवरच्या चिकटपट्टीने मिळेल, असे मानायला आधार नाही.

उलट बाजूचा, म्हणजे उपचार न करण्याचा हिशोब वैद्यकाने एकदाच मांडला आणि पुन्हा मांडावा लागला नाही. १९६० मध्ये बॅरिट आणि जॉर्डन यांनी ब्रिस्टलमधील ३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांच्या फुप्फुसात गुठळी गेलेली होती. औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण फुप्फुसातल्या गुठळीनेच दगावले आणि आणखी ५ जणांना ती पुन्हा झाली. औषध मिळालेल्या १६ जणांत त्या कारणाने एकही मृत्यू झाला नाही. फरक इतका उघड होता की त्यानंतर उपचाराविना गट ठेवून तसा प्रयोग करणे कोणालाही नैतिकदृष्ट्या शक्य राहिले नाही.

मी पाहिलेला एक प्रसंग येथे सांगणे भाग आहे. पन्नाशीचे एक गृहस्थ, पोटरीत आणि गुडघ्यामागे गुठळी, गोळ्या सुरू होऊन सहा दिवस झालेले. कोणा विक्रेत्याने त्यांना असे यंत्र घरपोच दिले आणि 'आता गोळ्यांची गरज नाही' असेही सांगितले. सूज थोडी उतरली होती, म्हणून त्यांचा विश्वास बसला. वास्तविक ती सूज पाय उंच ठेवल्याने आणि सहा दिवसांच्या गोळ्यांनी उतरली होती. गोळ्या बंद केल्यानंतर चौथ्या दिवशी जिना चढताना त्यांना धाप लागली, आणि सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या. ते वाचले. रुग्णालयात आणले तेव्हा यंत्र त्यांच्या गुडघ्याखाली चालूच होते आणि पाऊल सेकंदाला एकदा व्यवस्थित हलत होते, हे मी विसरू शकत नाही. यंत्र बिघडलेले नव्हते, त्याला दिलेले काम चुकीचे होते.

स्नायूंना करंट देणाऱ्या साधनांच्या सूचनापत्रकात, शिरेला सूज किंवा गुठळी असलेल्या भागावर ते लावू नये, असा इशारा सर्रास छापलेला असतो. पेसमेकर असलेल्यांसाठीही असाच इशारा असतो. मग डॉक्टर गुठळीच्या रुग्णाला चालायला कसे सांगतात, असे आपण विचाराल. गोळ्या पुरेशा मात्रेत सुरू झाल्यावर चालल्याने गुठळी सुटण्याचा धोका वाढत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून पूर्वीसारखे आठवडाभर पलंगाला बांधून ठेवणे आम्ही सोडून दिले. पण गोळ्यांशिवाय करंट, ही त्याची नक्कल नव्हे.

कानाच्या क्लिपबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तेथे विज्ञान रंजक आहे आणि दावा मात्र जवळजवळ उलटा आहे. व्हेगस हा मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसे आणि पोटापर्यंत जाणारा लांब मज्जातंतू. तो शरीरातल्या दाहाला लगाम घालतो, ही कल्पना न्यूयॉर्कजवळच्या फाइन्स्टाइन संस्थेतले केव्हिन ट्रेसी यांनी २००२ मध्ये 'दाह-प्रतिक्षेप' या नावाने मांडली. दाह आणि गुठळी यांचे नाते जवळचे असल्याने, दाह शमला तर गुठळ्या कमी होतील, अशी आशा बाळगणे गैर नाही. परंतु त्याच संशोधकांच्या वर्तुळाने २०१० मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात व्हेगस चेतवल्यावर जखमेतला रक्तस्राव कमी झाला, आणि २०२३ मध्ये उंदरांवर दाखवले की हा परिणाम प्लीहेमार्फत रक्तकणिकांना गोठण्यासाठी सज्ज केल्याने होतो. म्हणजे रक्ताच्या संदर्भात या मज्जातंतूवरचे सर्वांत ठळक काम रक्त थांबवण्याचे आहे. तो परिणाम जखमेपुरता मर्यादित राहतो असे त्यांना दिसले, त्यामुळे क्लिपने वडिलांची गुठळी वाढेल असे मी म्हणत नाही. पण ती विरघळेल, असे म्हणण्यासारखे माणसांमधले काहीही माझ्यासमोर नाही.

मेंदूत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातातही मज्जातंतू चेतवण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि व्हिडिओत बहुधा त्यांचीच सरमिसळ केलेली असते. तोंडातल्या टाळूतून छोटे साधन बसवून केलेली 'इम्पॅक्ट-२४बी' ही १००० रुग्णांची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात उद्देश गुठळी विरघळवण्याचा नसून आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावून मेंदूला वाटवळणाने रक्त पोहोचवण्याचा होता, आणि सर्व रुग्ण एकत्र धरता फायदा सिद्ध झाला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हेगसचे साधन शस्त्रक्रियेने छातीत बसवावे लागते आणि ते पक्षाघातानंतर हाताच्या व्यायामाला जोड म्हणून आहे. पायातल्या शिरेशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

आता वडिलांची काळजी. रक्तस्रावाची आपली भीती खोटी नाही, पण तिचे निवारण यंत्राने नव्हे, काही साध्या गोष्टींनी होते. अपिक्साबॅनची मात्रा पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि त्यानंतर ५ मिलिग्रॅम दोनदा अशी असते; आठव्या दिवशी मात्रा कमी करायची राहून जाणे किंवा जुनी पट्टी संपली म्हणून दोन दिवस खंड पडणे, या दोन्ही चुका घरोघरी होतात. हाडाच्या ऑपरेशननंतर दुखते म्हणून औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेतले जाते, आणि माझ्या अनुभवात पोटातल्या रक्तस्रावामागे अनेकदा ही वेदनाशामक गोळी असते, जिचा उल्लेख नातेवाईक विचारल्याशिवाय करत नाहीत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि कोणताही काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही सांगा. हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाची तपासणी डॉक्टर सांगतील त्या वेळी करा. ऑपरेशनसारख्या तात्पुरत्या कारणाने झालेल्या गुठळीला सहसा ३ महिने उपचार लागतात. मधेच सूज उतरली म्हणून कालावधी घटत नाही. काळी, डांबरासारखी शौचास झाली, डोक्याला मार लागला, अचानक धाप किंवा छातीत दुखणे सुरू झाले, किंवा थुंकीतून रक्त पडले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आईच्या बाबतीत ऑपरेशनपूर्वीच्या भेटीत वडिलांच्या गुठळीपेक्षा तिचा स्वतःचा इतिहास महत्त्वाचा आहे: पूर्वी कधी गुठळी, कर्करोगाचा उपचार, वजन, आणि रक्तस्रावाची काही प्रवृत्ती. गुडघा बदलल्यानंतर प्रतिबंधक गोळी किंवा इंजेक्शन आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करणे हा नेहमीचा मार्ग आहे, आणि बहुतेकांना तेवढे पुरते. तिला रक्त पातळ करणारे औषध देता येणार नाही असे ठरले आणि हवेच्या पिशव्याही लावता येत नसतील, तर मज्जातंतू चेतवणारे साधन उपलब्ध आहे का, असे विचारा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत चिकटपट्टीची जागा मलमपट्टीखाली झाकली जाते, म्हणून ते लावायचे कोठे, हे शल्यचिकित्सकांनाच ठरवू द्या. ते आताच विकत घेऊन कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. आणि घेतलेच असेल, तर दिवाळीपर्यंत ते वडिलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.